‘नॉर्मली’च्या पोटातला गुण्या

माझी भाची आठवीत आहे. तिची शाळा सेमी इंग्रजी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. परवा संध्याकाळी ती विज्ञानाची वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा पडलेला. वहीत एक आकृती होती. खाली आडवा आरसा, त्यावर तिरका येणारा प्रकाशकिरण आणि त्या किरणावर लाल शाईची ठसठशीत फुली.

“मावशी, आता तूच सांग. प्रश्नात लिहिलंय, लाइट फॉल्स नॉर्मली ऑन अ मिरर. नॉर्मली म्हणजे नेहमीप्रमाणे ना? मग प्रकाश नेहमी जसा पडतो तसाच मी काढला. आपल्या खिडकीतून ऊन तिरकंच येतं की! यात माझं चुकलं काय?”

तिचा विचार अगदी सरळ होता. घोटाळा केला होता त्या एका शब्दानं. विज्ञानाच्या पुस्तकात ‘नॉर्मली’ म्हणजे नेहमीप्रमाणे नव्हे. तिथे ‘नॉर्मली’ म्हणजे काटकोनात. किरण आरशावर खांबासारखा ताठ उभा पडायला हवा होता.

“पण का?” तिनं विचारलं. “नॉर्मलचा आणि काटकोनाचा काय संबंध?”

मित्रांनो, हा प्रश्न मला इतका आवडला, की तो तुमच्यापर्यंत आणल्याशिवाय राहवेना. कारण त्याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन सुताराच्या पेटीत आहे. आणि गंमत म्हणजे, ते तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीतही आहे.

सुताराच्या पेटीतला शब्द

‘नॉर्मल’ हा शब्द आपण दिवसभर वापरतो. डॉक्टर म्हणतात, “बीपी नॉर्मल आहे.” आई कपाळाला हात लावून म्हणते, “ताप उतरला, नॉर्मल वाटतोय.” हॉटेलात पाणी मागितलं की विचारतात, “थंड देऊ की नॉर्मल?” इतका हा शब्द आपल्यात मिसळलाय, की तो परका आहे हेच आपण विसरून गेलोय.

तो इंग्रजीत आला लॅटिनमधून. लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. तिच्यात ‘नॉर्मा’ नावाचा एक शब्द होता. नॉर्मा म्हणजे कुठला नियम नव्हे, कुठला मोठा विचारही नव्हे. नॉर्मा म्हणजे एक अवजार. दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात जोडलेलं. आपल्याकडे सुतार आणि गवंडी ज्याला गुण्या म्हणतात, तेच!

आता कंपासपेटी उघडा. कर्कटक बाजूला ठेवा, कोनमापक बाजूला ठेवा. ते दोन त्रिकोणी तुकडे दिसतात ना? तेच तुमचे गुण्ये. दोन्हींचा एक कोपरा बरोबर ९० अंशांचा असतो. रोमन सुतार फळी कापली की तिच्या कोपऱ्याला नॉर्मा लावून बघायचा. फळीची कड आणि नॉर्माची कड यांच्यात फट दिसली नाही, तर काम पक्कं. फट दिसली, तर पुन्हा रंधा. रोमन कारागिरांच्या थडग्यांच्या दगडांवर त्यांची अवजारं कोरलेली सापडतात, त्यांत हा नॉर्माही दिसतो. ज्या अवजाराच्या जोरावर माणूस आयुष्यभर जगला, ते त्याच्या नावाबरोबर दगडात कोरून ठेवावं, एवढा त्याला त्याचा अभिमान!

नॉर्मावरून विशेषण तयार झालं ‘नॉर्मालिस’. अर्थ काय? गुण्यात असलेला, काटकोनातला. सतराव्या शतकात इंग्रजीत ‘नॉर्मल’ दिसू लागला, तेव्हाही त्याचा अर्थ हाच होता. काटकोनात उभा असलेला. म्हणजे भाचीच्या पुस्तकातला अर्थ विचित्र नाही, तोच जुना आहे. ‘नेहमीसारखा’ हा अर्थ त्याच्या पाठीमागून आलेला धाकटा भाऊ!

तीन, चार, पाच

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचा पाया भरला जात होता, तेव्हा मी भाचीला मुद्दाम तिथे घेऊन गेले. जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांना दोऱ्या ताणून बांधल्या होत्या आणि दोऱ्यांखाली पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. गवंडीकाका टेप घेऊन एका कोपऱ्यात वाकले होते.

“काका, हे काय मोजताय?”

“कोपरा गुण्यात आहे का बघतोय, पोरी. हातातला गुण्या केवढासा. एवढ्या मोठ्या पायाला तो कुठं पुरणार?”

मग त्यांनी करून दाखवलं. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली. दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण केली. आणि टेप एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तिरका धरला. पाच फुटांना दोन बोटं जास्त भरलं. काकांनी लांबची खुंटी उपटली, किंचित आत सरकवून पुन्हा ठोकली, दोरी ताणली, खूण केली आणि परत मोजलं. बरोबर ५ फूट. “आता बसला,” काका म्हणाले.

तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मंडळींनी ओळखलंच असेल. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, दोन्ही मिळून २५. आणि ५ चा वर्गही २५. हे तर पायथागोरसचं प्रमेय!

आता खरी गंमत ऐका. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस नावाचा एक रोमन वास्तुविशारद होऊन गेला. त्यानं बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या भागात तो सांगतो, की नेमका नॉर्मा बनवायला कारागिरांना फार खटपट करावी लागते, पण पायथागोरसच्या युक्तीनं तो सहज बनतो. एक पट्टी ३ फुटांची, दुसरी ४ फुटांची, तिसरी ५ फुटांची. त्यांची टोकं एकमेकांना जुळवा, की झाला नॉर्मा तयार! म्हणजे रोमन कारागीर आणि आमच्या गल्लीतले गवंडीकाका एकच हिशेब करत होते. मध्ये दोन हजार वर्षं गेली, तीन-चार-पाच तसेच राहिले.

आणि ‘गुण्या’ हा शब्द तरी कुठून आला असेल? फारसी भाषेत या अवजाराला ‘गुनिया’ म्हणतात. आणि प्राचीन ग्रीक भाषेत कोनाला शब्द होता ‘गोनिया’. पेंटॅगॉन म्हणजे पंचकोन, हेक्सॅगॉन म्हणजे षट्‌कोन. त्यांच्या शेपटीतला ‘गॉन’ तो हाच. आपला गुण्या त्याच वाटेनं, फारसीच्या मांडवाखालून आपल्याकडे आला असावा. पाहिलंत? नॉर्मा रोमहून निघाला, गुण्या ग्रीसहून निघाला आणि दोघांची गाठ पडली तुमच्या कंपासपेटीत.

अवजाराचा झाला नियम

पण मग सुताराचा गुण्या ‘नेहमीसारखा’ कसा झाला?

जरा विचार करा. गुण्या कशासाठी असतो? तपासण्यासाठी. फळी बरोबर कापली का, चौकट नीट बसली का, हे ठरवतो कोण? गुण्या. तो सांगेल ते बरोबर. हळूहळू लोक म्हणू लागले, की नुसत्या फळीलाच कशाला, वागण्यालाही असा गुण्या लावून बघता येईल. मग नॉर्मा म्हणजे ‘ज्याच्याशी पडताळून पाहायचं तो नमुना’, म्हणजेच नियम, असा अर्थ लॅटिनमध्येच रुळला. आणि जे नियमात बसतं, तेच बहुतेक वेळा घडतं. म्हणून पुढे, एकोणिसाव्या शतकात, नॉर्मल म्हणजे ‘नेहमीचं, सर्वसाधारण’ हा अर्थ इंग्रजीत पक्का झाला.

मधल्या काळात या शब्दानं एक सुंदर काम केलं. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर देशभर शाळा काढायच्या होत्या, पण शिकवायला शिक्षक कुठे होते? म्हणून १७९४ मध्ये पॅरिसला शिक्षक घडवणारी शाळा काढायचं ठरलं. तिचं नाव ‘एकोल नॉर्माल’. नमुना घालून देणारी शाळा. लाग्रांज आणि लाप्लास यांच्यासारखे थोर गणिती तिथे शिकवायला होते. त्यानंतर जगभर शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळांना ‘नॉर्मल स्कूल’ म्हणू लागले. आपल्या सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं असतं. त्या ‘नॉर्मल’चा अर्थ साधीसुधी शाळा असा मुळीच नाही. जिच्याकडे बघून बाकीच्या शाळांनी आपला कोपरा काटकोनात आहे का ते तपासावं, अशी शाळा!

याच घराण्यातला आणखी एक शब्द तुम्हाला ठाऊक आहे, ‘इनॉर्मस’. म्हणजे प्रचंड. त्याच्या पोटातही नॉर्मा आहे. पुढचा ‘इ’ म्हणजे ‘बाहेर’. नॉर्माच्या बाहेर गेलेला तो इनॉर्मस. आपण काय म्हणतो? “यंदा पाऊस प्रमाणाबाहेर झाला.” अगदी तोच विचार, तीच बांधणी!

राहता राहिली ‘नॉर्मली’ची शेपटी, ‘ली’. ही मात्र लॅटिन नाही. ती अस्सल इंग्रजी आहे आणि फार जुन्या काळी तिच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ होता शरीर, रूप. म्हणजे ‘नॉर्मली’ या शब्दाचं धड रोमन सुताराचं आणि शेपटी इंग्रज शेतकऱ्याची. सगळं मिळून अर्थ काय? ‘गुण्याच्या रूपानं’. आता सांगा, प्रकाश आरशावर गुण्याच्या रूपानं पडला, तर तो तिरका येईल का?

टांगलेला तो लंब

गवंडीकाकांकडे आणखी एक अवजार होतं. दोरीला बांधलेलं, भोवऱ्यासारखं निमुळतं, धातूचं वजन. शेजारी अर्धवट उभी राहिलेली भिंत होती. काकांनी दोरीचं वरचं टोक भिंतीच्या माथ्याशी धरलं आणि वजन खाली सोडलं. ते जरा वेळ झुललं, भिंतीला एकदा टेकलं, मग हळूहळू शांत झालं. काकांनी एक डोळा मिटला आणि दोरी व भिंत यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत नजरेनं तपासली. “भिंत ओळंब्यात आहे,” ते म्हणाले. हा ओळंबा.

काटकोनातल्या रेषेला मराठीत आपण ‘लंब’ म्हणतो. हा शब्द संस्कृतमधल्या ‘लंब्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ टांगणे, लोंबणे. ओळंबा, लोंबकळणे, लांब ही सगळी त्याचीच पिल्लं. म्हणजे भूमितीतला लंब हा मुळात दोरीला टांगलेला ओळंबा आहे!

आणि इंग्रजीत लंबाला काय म्हणतात? पर्पेंडिक्युलर. तोही लॅटिन. त्यातल्या ‘पेंड’चा अर्थ, ओळखा पाहू? टांगणे! रोमन लोक ओळंब्याला ‘पर्पेंडिकुलुम’ म्हणायचे. घड्याळाचा लंबक तो पेंड्युलम, गळ्यात लोंबतं ते पेंडंट. दोन भाषा, दोन देश, पण सरळ उभी रेषा शोधायला दोघांनी दोरीला वजनच बांधलं. आणि दोघांच्या भूमितीत त्या दोरीचंच नाव शिल्लक राहिलं.

ही जोडी आणखी कुठे कुठे दिसते बघा. डिपेंड म्हणजे अवलंबून असणं. पेंडिंग म्हणजे प्रलंबित. सस्पेंड म्हणजे निलंबित. प्रत्येक इंग्रजी शब्दात ‘पेंड’ लटकतोय, प्रत्येक मराठी शब्दात ‘लंब’ लटकतोय. आता वर्तमानपत्रात ‘काम प्रलंबित’ असं वाचलं, की ते काम दोरीला टांगलेलं तुमच्या डोळ्यांसमोर येईल!

आर्यभटाचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. त्याचा ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ इसवी सन ४९९ च्या सुमाराचा. त्यात तो दोन गोष्टी थोडक्यात सांगून टाकतो. जमीन सपाट आहे का ते पाण्यानं तपासा आणि रेषा उभी आहे का ते लंबकानं तपासा. गवंडीकाकाही हेच करतात. त्यांच्या सपाटी तपासायच्या साधनाचं नावच मुळी पाणसळ. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन भिंतींना धरली, की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं.

लंब आणि लंब यांत फरक

आता एक बारीक गोष्ट. गुण्या आणि ओळंबा दोघंही काटकोन दाखवतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. गुण्याला कुठलीही सपाटी चालते. भिंत, फळी, तिरकं छप्पर, ज्याला लावाल त्याला तो काटकोन दाखवेल. ओळंब्याला मात्र एकच मालक ठाऊक आहे, पृथ्वी. त्याला कुठेही न्या, तो जमिनीच्या उताराकडे बघतही नाही. पृथ्वी जिकडे ओढेल, तिकडेच त्याचं टोक.

पुढच्या वेळी घाटातून जाताना खिडकीतून बघा. डोंगराचा उतार तिरका असतो. त्या उतारावरची झाडं उताराशी काटकोन करून, म्हणजे बाहेरच्या बाजूला झुकून वाढतात का? नाही. बहुतेक झाडांची खोडं सरळ आकाशाकडे गेलेली दिसतील. म्हणजे झाडं गुण्यात नाहीत, ओळंब्यात आहेत! झाडाला खाली कुठे आणि वर कुठे, ते पृथ्वीच्या ओढीवरून कळतं.

आणि हे ऐकलंत तर चकित व्हाल. समजा, तुम्ही पुण्यात ओळंबा टांगला आणि तुमच्या मावसभावानं नागपुरात. दोन्ही दोऱ्या सरळ उभ्या. पण त्या एकमेकींना समांतर असतील का? नाही! दोन्ही ओळंबे पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे त्या दोन दोऱ्यांमध्ये सुमारे साडेपाच अंशांचा कोन पडतो. कोनमापकावर साडेपाच अंश किती दिसतात ते बघा. तुमचं ‘सरळ खाली’ आणि नागपूरकराचं ‘सरळ खाली’ यांच्यात एवढं अंतर आहे.

मग गुण्या आणि ओळंबा यांचं एकमत होतं तरी कुठे? शांत पाण्यावर. विहिरीच्या स्थिर पाण्यावर ओळंबा सोडा. दोरी आणि पाणी यांच्यात बरोबर काटकोन. आर्यभटानं पाणी आणि लंबक एकत्र का सांगितले, ते आता लक्षात आलं ना?

आरशावरचा छोटासा खांब

मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात नॉर्मलला वेगळाच शब्द आहे, ‘स्तंभिका’. स्तंभ म्हणजे खांब, स्तंभिका म्हणजे छोटासा खांब. रोमन माणसाला काटकोन बघून गुण्या आठवला, आपल्या भूमितीला ओळंबा आठवला आणि आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाला आठवला देवळाचा खांब. मला हा शब्द फार आवडतो. आरशावर एक नाजूक खांब उभा आहे आणि त्याच्या एका बाजूनं किरण येतो, दुसऱ्या बाजूनं तेवढ्याच कोनात निघून जातो, हे चित्र त्या एका शब्दात आहे.

इथे पुष्कळ जण हमखास फसतात, म्हणून सांगते. किरणाचा कोन आरशापासून मोजत नाहीत, स्तंभिकेपासून मोजतात. मग ‘नॉर्मली’ पडणाऱ्या किरणाचा आपतन कोन किती? ९० अंश नव्हे, शून्य! कारण किरण थेट स्तंभिकेवरूनच येतो. आणि आल्या वाटेनंच परत जातो. असा किरण काचेत किंवा पाण्यात शिरला, तर वाकतही नाही, सरळ आत जातो. तिरका किरण मात्र शिरताना वाकतो.

करून बघा

एक छोटा आरसा टेबलावर आडवा ठेवा. त्यावर पेन्सिल उभी धरा, टोक आरशाला टेकवून. आता पेन्सिल आणि तिचं प्रतिबिंब दोन्ही एकदम बघा. पेन्सिल जराशी जरी कलली, तरी पेन्सिल आणि प्रतिबिंब मिळून कोपरात वाकलेल्या हातासारखं दिसेल. हळूहळू पेन्सिल सरळ करत जा. एक क्षण असा येईल, की दोन्ही मिळून एकच सलग सरळ रेघ होईल. पण लगेच खूश होऊ नका. बाजूला सरकून दुसऱ्या दिशेनंही बघा. तिकडूनही रेघ सरळ दिसली, तरच तुमची पेन्सिल खरीखुरी स्तंभिका झाली. गुण्या नाही, ओळंबा नाही, नुसत्या आरशानं तुम्ही काटकोन पकडलात!

दुसरा प्रयोग रात्री, दिवे मालवून. टॉर्च जमिनीवर सरळ वरून धरा. छोटं, गोल, झगझगीत वर्तुळ पडेल. आता तेवढ्याच अंतरावरून टॉर्च तिरका करा. वर्तुळ लांबुळकं होईल आणि फिकट पडेल. प्रकाश तेवढाच, पण तो जास्त जागेत पसरला. दुपारचं ऊन भाजतं आणि सकाळचं कोवळं वाटतं, त्याचं एक मोठं कारण हेच. दुपारी ऊन ‘नॉर्मली’ पडण्याच्या जवळ येतं.

आणि वर्षातून दोन दिवस तर ते खरोखरच नॉर्मली पडतं! सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. पुण्या-मुंबईकडे त्यातला पहिला मे महिन्याच्या मध्यावर येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा बहुधा ढग असतात. पहिल्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक बाटली सरळ उभी ठेवा. सावली आखडत आखडत बाटलीच्या बुडाखाली नाहीशी होईल. त्या क्षणी सूर्याचा किरण, तुमची बाटली आणि गवंडीकाकांचा ओळंबा, सगळे एका रेषेत!

आकाशातली कंपासपेटी

एक शेवटची गोष्ट सांगते. निकोला लाकाय नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ होता. १७५१ मध्ये तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होपला गेला आणि तिथून दिसणारे हजारो तारे त्यानं मोजून नोंदवले. दक्षिणेकडच्या ज्या ताऱ्यांना युरोपीय नकाशांत धड नावं नव्हती, त्यांचे त्यानं नवे तारकासमूह केले. पण त्यानं त्यांना राजांची नावं दिली नाहीत, राक्षसांचीही नाहीत. त्यानं बहुतेकांना शास्त्रज्ञांच्या आणि कारागिरांच्या साधनांची नावं दिली. त्यातला एक आहे कंपास, त्याचं नाव सर्सिनस. एक दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक. आणि एक आहे, हो, बरोबर ओळखलंत, नॉर्मा! आकाशातला गुण्या.

तो वृश्चिकाच्या शेजारी, दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकरा-बाराच्या सुमारास, दिव्यांपासून दूर असलेल्या गावात, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर आपल्या महाराष्ट्रातूनही ती जागा दिसते. आधी वृश्चिकाची वाकडी नांगी शोधा, मग तिच्या उजवीकडे, जरा खाली बघा. तारे मंद आहेत, पटकन सापडणार नाहीत. पण रोमन सुताराच्या पेटीतलं एक साधं लाकडी अवजार आकाशात जाऊन बसलंय, हे माहीत असलं की शोधायला मजा येते.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाची वहीकडे बघत बसली. मग तिनं पुन्हा विचारलं, “म्हणजे माझं ‘नेहमीप्रमाणे’ अगदीच चूक होतं तर.”

मी म्हटलं, “थांब. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द मोडून बघ. नेहमी आणि प्रमाणे. प्रमाण म्हणजे काय?”

“माप,” ती म्हणाली. आणि तिचे डोळे मोठे झाले.

हो! प्रमाण म्हणजे माप, ज्याच्याशी पडताळून बघायचं ते. इंग्रजांच्या ‘नॉर्मली’त जसा गुण्या लपलाय, तसं आपल्या ‘नेहमीप्रमाणे’तही मोजण्याचं माप लपलंय. ‘मापदंड’ म्हणजे मोजायची काठीच. ‘कसोटी’ म्हणजे सोनाराचा सोनं घासायचा दगड. ‘सूत्र’ म्हणजे धागा, आणि तो धागा धरून लाकूड आखणारा सूत्रधार म्हणजेच आपला ‘सुतार’. विचार मोजायला लागणारे हे सगळे शब्द आधी कुणाच्या तरी हातात होते. त्या हातांना घट्टे पडलेले होते, बोटांना भुसा आणि चुना लागलेला होता. त्या हातांनी आपल्याला घरं बांधून दिली आणि जाता जाता विचार करायला शब्दही दिले.

भाचीनं कंपासपेटी उघडली. गुण्या काढला, आरशाच्या रेघेवर नीट टेकवला, पेन्सिलीला टोक केलं आणि तिरक्या किरणाच्या शेजारी एक नवा किरण काढला. ताठ, काटकोनात, खांबासारखा. गुण्या उचलताना तिनं त्याला एकदा उलटसुलट फिरवून बघितलं, जणू तो तिला आजच पहिल्यांदा दिसत होता.